रांगेचा फोटो

फोटोतलं मला कोणी शिकवू नये! या गावातलं एक थोबाड असं नाही, जे माझ्या स्टुडिओतल्या स्टुलावर टेकून गेलेलं नाही. मागे पांढरा पडदा, बाजूला दिवे, "हनुवटी वर, खांदे सरळ, हसू नका!" की खटॅक! माझ्या फोटोतला माणूस त्याच्या आईलाही ओळखू येत नाही, पण सरकारला चालतो. झालं तर मग!

लेक कॅमेरा धरायला माझ्याजवळ शिकली आणि माझ्याच धंद्याला नाक मुरडून बातम्यांचे फोटो काढायला निघून गेली. आज या देशात, उद्या त्या. फोन तिनेच करायचा, कारण आपण उद्या कुठे असू हे तिचं तिलाच ठाऊक नसतं. आणि आलाच फोन, तर बोलणं हे असं :

"जेवलीस?"

"हो. तुम्ही?"

"हो."

"बरं, ठेवते बाबा."

दोघांच्या जेवणाची चौकशी संपली की विषयच संपला! मग महिनोन्महिने शुकशुकाट.

अशात वाचनालयाच्या हॉलमध्ये हल्लीच्या छायाचित्रकारांचं प्रदर्शन लागलं. सगळे बातम्यांचे फोटो, त्यात एक लेकीचा. लपवत नाही, मी नावं ठेवायलाच गेलो होतो. आणि काय ते फोटो! एकाची हनुवटी जागेवर नाही! पण लेकीच्या फोटोसमोर माझे पाय रुतले. पुरात घर वाहून गेलेला एक म्हातारा, उघड्यावर खुर्ची टाकून बसलाय. हातात घराची किल्ली. बस्स, एवढंच. मला त्याला हाक मारावीशी वाटली हो! जन्मभर फोटो काढले, पण माझ्या एकाही फोटोला कधी कुणाला हाक मारावीशी वाटली नसेल.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "मी असा एक फोटो काढणार आणि तिला पाठवणार. मग बघ, फोन खाली ठेववणार नाही तिला!"

"आधी माझा एक धड काढा," बायको म्हणाली. "लग्नापासूनच्या प्रत्येक फोटोत मी जामीन मागायला आल्यासारखी दिसते."

प्रदर्शनातल्या एका पाटीवर लिहिलं होतं, फोटो काढताना समोरच्याला आपला विसर पडला पाहिजे. ते तर सोपं होतं. विसरलं जाण्यात माझा हात कोण धरणार!

विषयही हाताशी होता. दाखले देणारं सरकारी कार्यालय! खिडकी एकच, तीही बंद. बाहेर रांग एवढी, की शेवटच्याला पहिला माणूस आपला पूर्वज वाटावा. एक मावशी भिंतीला डोकं टेकून उभ्या. एक गृहस्थ उभ्याउभ्या घोरत होते. वाट बघणं म्हणजे काय, ते माझ्याइतकं कोणाला कळणार? पालीसारखा भिंतीला चिकटलो आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

तेवढ्यात शिपाई किंचाळला, "साहेब, पेपरवाला आला!"

खाडकन खिडकी उघडली! आत एक कारकून दिसला, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. "एवढे होते आत?" रांगेतून कोणीतरी म्हणालं. पंखा फिरायला लागला, बाहेर खुर्च्या आल्या, शिक्के धडाधड पडायला लागले. आणि माझी रांग, माझी सोन्यासारखी रांग, तव्यावरच्या लोण्यासारखी वितळायला लागली!

"अहो, थांबा!" मी ओरडलो. "एवढ्यात पुढे नका जाऊ! जरा वाट बघा ना!"

"डोकं फिरलंय का? सकाळपासून दुसरं काय करतोय?"

"मावशी, तुम्ही तरी! मघासारखं डोकं टेका."

"दाखला मिळाला रे, बाबा! आता कशाला टेकू? काढ, फोटो काढ!" आणि मावशी उभ्या राहिल्या. हनुवटी वर, खांदे सरळ! माझेच संस्कार! भोगा!

साहेब धावत आले. "आपण कोणत्या पेपरचे?"

माझं लक्ष वितळत चाललेल्या रांगेकडे. चहा आला, मी घेतला नाही. साहेबांना दरदरून घाम फुटला. त्यांनी सरळ गावातल्या पेपरच्या कचेरीत फोन लावला, "तुमचा माणूस बोलत नाही, चहा घेत नाही. आमचं काय चुकलं ते तरी सांगा!"

"आमचा माणूस? आमचं कोणीच आलेलं नाही."

तोवर शिपायाने मला नीट न्याहाळलं. "अरे, हा तर पासपोर्ट फोटोवाला!"

खिडकी धाडकन बंद! पंखासुद्धा थांबला. ज्यांची कामं राहिली, ते सगळे माझ्यावर उखडले.

"थोडा वेळ पेपरवाला राहिला असतात, तर काय बिघडलं असतं?"

बिघडलं असतं माझं नशीब! काम करायला यांना आधी भीती लागते, आणि बोलणी मी खायची? त्यात फोटो नाही, म्हणजे फोन नाही. खिडकीखालच्या पायरीवर मटकन बसलो.

इकडे पेपरवाल्यांना वाटलं, कार्यालयात भलतंच काही चाललंय. त्यांनी आपली फोटोग्राफर पोरगी पाठवली. पण आता खऱ्या कॅमेऱ्यावरही साहेबांचा विश्वास बसेना, त्यामुळे खिडकी काही उघडली नाही. तिने काय टिपलं, कधी टिपलं, मला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर मी! बंद खिडकी, खाली पायरीवर मी, मांडीवर कॅमेरा, खांदे पडलेले, हनुवटी छातीत. बायको बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "रोज फोनजवळ बसता ना, तसेच दिसताय."

आणि फोन वाजला. लेक! आपल्या गावचा पेपर ती तिकडे मोबाईलवर वाचते, हे मला तेव्हा कळलं.

"बाबा! तो फोटो! मी केव्हाची बघत बसलेय."

"अगं, ते मी जरा..."

"काय उजेड पकडलाय! आणि तुमच्या शेजारी पायरीवर सोडलेली ती रिकामी जागा! बाबा, कोणी काढलाय हो? नंबर आहे?"

जन्मात बोलली नव्हती एवढं बोलली. उजेडाबद्दल, सावलीबद्दल, त्या रिकाम्या जागेबद्दल. मी हं हं करत राहिलो आणि पेपरात छापलेला कचेरीचा नंबर वाचून दाखवला.

तेव्हापासून लेकीचा दर आठवड्याला फोन असतो. त्या पेपरवालीला! तासतासभर बोलतात म्हणे. पोरगी मात्र गुणाची. जाता-येता स्टुडिओत डोकावते आणि सांगते, "काका, मजेत आहे हं तुमची लेक!"

मी गिऱ्हाइकाला पडद्यासमोर तसाच ताटकळत ठेवतो आणि तिच्यामागे दारापर्यंत जातो. "अगं, थांब की जरा. आणखी काय म्हणाली?"