घोषणाबाईंना दुखत नव्हतं

बस स्थानकाच्या चौकशी खिडकीमागे बसून दिवसभर घोषणा करणाऱ्या बाईंच्या पोटावर शस्त्रक्रिया झाली आणि ती यशस्वी झाली. यशस्वी झाली असं शल्यविशारदांनी सांगितलं, भूल देणाऱ्यांनी सांगितलं. रुग्णालयाच्या स्वागतकक्षातल्या मुलीने तर ते शस्त्रक्रिया सुरू होण्याआधीच सांगून टाकलं होतं. बाईंना मात्र शुद्धीवर आल्याआल्या वाटलं, की आपल्याला कुणीतरी मधोमध दुमडून पेटीत कोंबलंय आणि वर बसून पेटीला कडी घालायचा प्रयत्न चाललाय.

बाईंना सगळे घोषणाबाई म्हणत. त्यांचा आवाज सार्वजनिक होता आणि आवाजाइतकाच देहही. खिडकीवर आलेला माणूस आधी गाडीची वेळ विचारी आणि गाडीला अवकाश आहे असं कळलं, की तो अवकाश बाईंच्या वजनाकडे लक्ष देण्यात घालवी. कुणी भात सोडायला सांगे, कुणी जिने चढायला. शेवटी गुडघे बोलू लागले आणि साखर ऐकेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांनी जठर लहान करून घ्यायचा सल्ला दिला. बाई वर्षभर घाबरल्या आणि मग तयार झाल्या.

अडचण अशी उद्भवली, की त्या रुग्णालयाला नुकतंच 'वेदनामुक्त रुग्णालय' हे मानांकन मिळालं होतं.

"कसं वाटतंय?" सिस्टरने विचारलं.

"दुखतंय."

सिस्टरने आधी दाराकडे पाहिलं. "असं मोठ्याने नका म्हणू."

"मी हळूच म्हणाले."

"तुमचं हळू जिन्यापर्यंत जातं, बाई."

भिंतीवर चेहऱ्यांचा एक तक्ता होता. पूर्वी त्यात हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सगळे चेहरे असत. मानांकन समिती येण्याच्या आदल्या दिवशी उजवीकडचे रडके चेहरे कात्रीने कापून टाकण्यात आले होते. आता एक हसरा होता, एक जास्त हसरा होता आणि तिसऱ्याला बहुधा काही ऐकू आलं नव्हतं. "यातला तुमचा कुठला?" सिस्टरने विचारलं. बाईंनी तक्ता जिथे संपत होता त्याच्या पुढे, नुसत्या भिंतीच्या रंगावर बोट टेकवलं. सिस्टरने तिसरा चेहरा लिहिला.

दुपारी टाय लावलेला एक तरुण आला. तो समाधान अधिकारी होता. रुग्णांचं समाधान झालं आहे का हे पाहणं त्याचं काम नव्हतं. ते झालेलं असतंच, ते फक्त गोळा करणं त्याच्याकडे होतं.

"मॅडम, आपल्याकडे वेदना नसते. आपल्याकडे जाणीव असते," तो म्हणाला. "तुम्हाला कुठे जाणीव होतेय का?"

"पोटात. आणि खांद्यात तर फारच."

"खांद्यात?" त्याचा चेहरा उजळला. "खांदा आमच्या विभागात येत नाही."

शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात हवा भरतात आणि ती उरलेली हवा खांद्यात टोचते, हे सिस्टरने हलक्या आवाजात सांगून पाहिलं. पण तोवर चाकाची खुर्ची आली होती. बाईंना हाडांच्या विभागात नेण्यात आलं. तिथल्या डॉक्टरांनी खांदा वर केला, खाली केला, गोल फिरवला. बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"खांदा उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले. "दुखतंय ते पोटाचं आहे."

खुर्ची परत आली. समाधान अधिकाऱ्याने थोडा विचार केला. दुखणं पोटाचं होतं, म्हणून हाडांच्या विभागात ते धरता येत नव्हतं. ते जाणवत खांद्यात होतं, म्हणून पोटाच्या विभागात धरायचा प्रश्नच नव्हता. दोन्हीकडे शून्य आलं, आणि शून्य ही मानांकनाला सर्वांत आवडणारी गोष्ट होती.

"मग दुखण्यावर एखादं इंजेक्शन तरी?" बाईंनी विचारलं.

"नसलेल्या दुखण्यावर इंजेक्शन दिलं, तर ते कुठे गेलं म्हणून उद्या मला विचारतील."

सिस्टर मनाची भली होती. डॉक्टरांनी मुळात लिहून दिलेलं इंजेक्शन तिने समाधान अधिकारी गेल्यावर दिलं आणि नोंद केली, 'उशी बदलली.' त्या दिवशी बाईंच्या बऱ्याच उशा बदलण्यात आल्या.

बाईंचा नवरा विजेच्या मीटरांचा तपासनीस होता. आयुष्यभर लोकांच्या दारामागे वाकून आकडे वाचल्यामुळे त्याला मोठ्याने बोलायची सवयच राहिली नव्हती. रोज तो बाईंना धरून व्हरांड्यात चालवी. औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढ्या पेल्यातून पाणी पाजी आणि एक घोट झाला, की दुसऱ्याआधी स्वतःच आवंढा गिळी.

"अहो, मी चूक तर नाही ना केली?" बाईंनी एकदा विचारलं.

"चूक असती तर एवढे लोक हसले नसते," तो म्हणाला. तोही गोंधळलेला होता.

घरी सोडताना रुग्णालयाच्या दारात फोटो काढायचा होता. फोटोवाल्याने बाईंना पोटावरचा हात काढायला सांगितला. हात काढल्यावर बाई कळवळल्या आणि दात दिसले. फोटो फार छान आला.

घरी सासूबाई होत्या. त्या वाईट नव्हत्या, पण कण्हण्याला काहीतरी नीट कारण लागतं अशी त्यांची समजूत होती. "पडलीस, झडलीस, काही लागलं, तर कण्हावं," त्या म्हणाल्या. "हौसेने पोट कापून घ्यायचं आणि मग आई गं, आई गं! माझ्या वेळी असतं, तर मला ऐकवलं असतं सगळ्यांनी."

"तुम्ही ऐकवताच आहात की," बाई म्हणाल्या.

"मी घरातली आहे."

बाहेरचे संध्याकाळी येत. शेजारच्या काकूंनी मोठा केक आणला, मग तो बाईंना चालणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि वाया नको म्हणून बाईंच्या पलंगाच्या कडेला बसून त्यांनी बरोबर आलेल्या मंडळींसह तो संपवला. "सोपा मार्ग काढलात हो तुम्ही," काकू बोटं पुसत म्हणाल्या. "आम्ही बसतोय रोज चालत. आमच्यात ती हिंमत नाही बाई, अशी आयती झोपून बारीक व्हायची." बाई तेव्हा चमच्याने गाळलेलं सूप पीत होत्या. चौथ्या चमच्याला ते छातीत अडकलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला. "बघा, तेजही आलंय," काकू म्हणाल्या.

सर्वांत अवघड गोष्ट टाक्यांची नव्हती. एका दुपारी बाई पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या, तर नवरा ओट्याशी उभा राहून, दाराकडे पाठ करून, घाईघाईने जेवत होता. बाईंची चाहूल लागताच त्याने ताट झाकलं.

"जेवत नव्हतो. मीठ बघत होतो," तो तोंडातला घास न चावता म्हणाला.

इतकी वर्षं दोघं समोरासमोर बसून जेवली होती. बाईंना भूक नव्हती, पण त्या ताटासमोरच्या खुर्चीची अशी काही आठवण आली, की त्या तिथेच जमिनीवर बसून रडल्या. रडताना टाके ओढले गेले. मग त्या टाक्यांसाठी रडल्या, आणि ते रडणं पुष्कळच सोपं गेलं.

रजा संपत आली, तशी बाईंनी ती वाढवून मागितली. स्थानकप्रमुखांनी त्यांना आदराने समोर बसवलं.

"आजारपणाच्या रजेला आजार लागतो," ते म्हणाले. "तुमच्या रुग्णालयानेच लिहिलंय, वेदना शून्य."

"साहेब, मला साखर आहे, गुडघे आहेत, पोटावर टाके आहेत."

"साखर आणि गुडघे घेऊन तुम्ही इतकी वर्षं कामावर येतच होतात. आणि टाके बारीक होण्यासाठी घातलेत. बारीक होणं सौंदर्यात मोडतं, असं वरून कळवलंय. वजन हा आजार धरला, तर निम्मं कार्यालय उद्या रजेवर जाईल." त्यांनी टेबल आणि पोट यांच्यातलं अंतर वाढवण्यासाठी खुर्ची मागे सरकवली. "मी स्वतःही आज कामावर आलो नसतो."

बाई कामावर रुजू झाल्या. खुर्चीत उशी घेऊन, पोटाशी उशी धरून त्या गाड्या जाहीर करू लागल्या. मोठा श्वास घेतला, की डाव्या कुशीत कुणीतरी सुरी फिरवी, म्हणून त्यांनी लांब नावाच्या गाड्या तोडून तोडून सांगायला सुरुवात केली. अर्धं नाव ऐकून काही प्रवासी भलत्याच गाडीत बसले. तक्रारी आल्या. संध्याकाळी अंगात कणकण येऊ लागली. त्यांनी रुग्णालयात फोन केला, तो समाधान अधिकाऱ्याकडे वळवण्यात आला.

"आमच्याकडून जाताना तुम्ही हसत गेला होतात," तो म्हणाला. "फोटो आहे. त्यानंतर जे दुखलं, ते घरचं दुखणं."

"ताप येतोय हो."

"ऋतू बदलतोय, मॅडम. आणि तुम्ही फोन केलात ते बरं झालं. सत्काराचं बोलायचंच होतं."

सत्कार रुग्णालय आणि बस स्थानक यांनी मिळून योजला होता. एकाला आनंदी रुग्ण हवा होता आणि दुसऱ्याला निरोगी कर्मचारी; दोघांना एकच बाई पुरणार होती. फलाटावर व्यासपीठ उभारलं गेलं. मागे बाईंचा शस्त्रक्रियेआधीचा फोटो माणसापेक्षा मोठा करून लावला होता, आणि पुढे बाईंनी त्याला शक्य तितकं न झाकता उभं राहायचं होतं. शल्यविशारद, स्थानकप्रमुख, समाधान अधिकारी ओळीने बसले. नवरा खाली, पहिल्या रांगेत होता. बाईंनी फक्त एक वाक्य म्हणायचं होतं: 'मला काहीही त्रास झाला नाही, धन्यवाद.'

ध्वनिक्षेपक हातात आला. सकाळपासून बाई घामेजल्या होत्या. त्यांनी वाक्य जुळवायला श्वास घेतला, आणि कुशीतली सुरी मुठीपर्यंत आत गेली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," त्या सवयीने म्हणाल्या. "मला दुखतंय. पहिल्या दिवसापासून दुखतंय. आत्ता फार दुखतंय." घोषणा दोनदा करायचा नियम असल्यामुळे त्यांनी ती पुन्हा एकदा, त्याच स्वरात केली.

काही प्रवासी सामान उचलून उभे राहिले. बाकीच्यांनी कुठली तरी गाडी रद्द झाली असं धरून कपाळाला हात लावला. स्थानकप्रमुखांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि साहेब वाजवताहेत म्हणून सगळा फलाट वाजवू लागला. शल्यविशारद मात्र उठून बाईंजवळ आले आणि त्यांनी मनगट धरलं.

"ताप कधीपासून आहे?"

"कामावर आले तेव्हापासून."

"मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

"तुम्ही विचारायला आला नाहीत, डॉक्टर."

"माझ्याकडे रोज तिसरा चेहरा येत होता," ते म्हणाले, आणि त्यांचा स्वतःचा चेहरा तक्त्यात न उरलेल्यांपैकी झाला.

पोटात आतल्या बाजूला पू साचला होता. त्याच दिवशी नळी घालून तो काढावा लागला. आणखी उशीर झाला असता, तर पुढची घोषणा दुसऱ्या कुणालातरी बाईंबद्दल करावी लागली असती. पण पेच वेगळाच होता. वेदनामुक्त रुग्णालयातला रुग्ण दुखतंय म्हणून परत येऊच शकत नव्हता. समाधान अधिकाऱ्याने डोकं लढवून बाईंना 'माजी रुग्णाची सदिच्छा भेट' या सदरात दाखल करून घेतलं.

त्यामुळे संध्याकाळी भेटीची वेळ संपल्यावर रखवालदार खोलीत आला आणि त्याने पोटात नळी, शेजारी टांगलेली पिशवी अशा अवस्थेतल्या बाईंना निघायला सांगितलं.

"पाहुण्यांची वेळ संपली, ताई."

तेव्हा मीटर तपासनीस उठला. आयुष्यात कधी न चढवलेला आवाज त्याने त्या एका खोलीत सगळाच्या सगळा वापरला. "दुखतंय तिला!" तो ओरडला. "ऐकू येतंय का कुणाला? माझ्या बायकोला दुखतंय!" रखवालदार मागे सरकला. व्हरांड्यातले दिवे लागले. शेजारच्या खोलीतून कुणीतरी दबल्या आवाजात म्हणालं, "मलाही." मग त्याच्या पलीकडच्या खोलीतूनही तेच आलं. सिस्टर धावत आली आणि त्या वेळी तिने नोंद जशीच्या तशी केली.

बाई बऱ्या झाल्या. रुग्णालयाने तक्त्यावर रडका चेहरा परत चिकटवला. त्याखाली 'आनंदाश्रू' असं छापलं. बाईंचे गुडघे शांत झाले, साखर ऐकू लागली, आणि नवरा पुन्हा समोर बसून जेवू लागला. त्याचं ताट संपेपर्यंत बाईंची वाटी पुरावी एवढं हळू खायला त्या शिकल्या.

पुढे एका सकाळी खिडकीवर एक अनोळखी बाई आली. थोडी वाकलेली, एक हात पोटावर दाबलेला, पावलं मोजून टाकणारी. बरोबर बहुधा तिचा भाऊ, रुग्णालयाची पिशवी घेऊन. घोषणाबाईंनी ती चाल पाहताक्षणी ओळखली. ती चाल ओळखू शकणारी दुसरी व्यक्ती त्या स्थानकावर नव्हती.

"गाडीला किती वेळ आहे हो?" ती बाई म्हणाली. "उभं राहवत नाही. फार दुखतंय."

घोषणाबाईंनी खिडकीतून पुढे वाकून तिच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. त्यांचं मन अगदी भरून आलं होतं.

"किती किलो उतरलं?" त्यांनी विचारलं.

विचारून झाल्यावर त्या स्वतःच दचकल्या आणि त्यांनी उशी बाहेर देऊ केली, हे खरं. पण आधी प्रश्न आला, मग उशी. त्यांना नावं ठेवायचं आपल्याला कारण नाही. बाईंचं स्वतःचं वजन किती होतं आणि किती झालं, हे या गोष्टीत कुठेच सांगितलेलं नाही. तो आकडा खालच्या ओळीत तरी असेल, म्हणून तुमची नजर जरा पुढे गेली असेल, तर तिला परत बोलवा. तिथे काही नाही.