खिट्टी उजवीकडे!

मुलांना उजवं-डावं शिकवावं ते मीच! या बाबतीत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! ("कोणता हात?" असं आमची ही लगेच विचारते. तिकडे लक्ष देऊ नका.)

सगळा जन्म शाळेत गेला. कवायत शिकवली, लिहायला शिकवलं, बुटाची नाडी बांधायला शिकवलं. त्यातलं एक गुपित तुम्हाला सांगतो. मुलं आपल्या समोर तोंड करून उभी असतात. आपण "उजवा हात वर!" म्हणत उजवा हात वर केला, तर ती आरशासारखी आपल्या समोरचा, म्हणजे त्यांचा डावा हात वर करतात. म्हणून हुशार शिक्षक तोंडानं "उजवा" म्हणतो आणि स्वतःचा डावा वर करतो. समोरचा अख्खा वर्ग बिनचूक! ही सवय माझ्या हाडामांसात इतकी मुरली आहे की निवृत्त झालो तरी ती काही निवृत्त झाली नाही.

निवृत्तीनंतर मला दुसरा नाद लागला. हातानं घडवलेली गळाची रिळं जमवायचा! काही लोक लांब लवचीक काठीला दोर बांधून, दोराच्या टोकाला पिसांची खोटी माशी लावून नदीत मासे पकडतात. त्या काठीच्या बुडाशी दोर गुंडाळायचं जे पितळी चाक असतं, ते रीळ. यंत्रावरची रिळं ढिगानं मिळतात. पण एकेक दाता कानशीनं घासून, एकेक मूठ हातानं कातून केलेलं रीळ म्हणजे काय चीज असते महाराजा! त्याचा दोर ओढला की "कर्रर्र" असा आवाज येतो. प्रत्येकाचा वेगळा. माझ्याकडे एक रीळ म्हाताऱ्या बेडकासारखं बोलतं, एक आमच्या जुन्या मुख्याध्यापकांसारखं खाकरतं.

मी मासे पकडतो का? छे! मला पाण्याची भीती वाटते आणि माशांची दया येते.

तर या रिळांच्या जगात एक थोर कारागीर आहेत. आम्ही हौशी लोक त्यांना रीळमहर्षी म्हणतो. पांढरी दाढी, कडक इस्त्रीचा सदरा आणि स्वभाव त्या सदऱ्याहून कडक! त्यांनी जाहीर केलं, "आता एक शेवटचं रीळ केलंय. ते विकणार नाही. ज्या घरात ते नीट नांदेल, त्या घरी देईन. घर बघायला मी स्वतः येणार."

अगदी लेक द्यायची असावी तसं!

गावात उमेदवार दोनच. एक मी आणि दुसरे आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर. डॉक्टरांची रिळं काचेच्या कपाटात, कुलपात आणि वर दिव्याच्या उजेडात. माझी रिळं दिवाणखान्यातल्या लाकडी कपाटात, जुन्या सुती फडक्यांत. सौंदर्यस्पर्धेत मी हरणार हे उघड होतं. म्हणून मी डोकं लढवलं.

"ऐक," मी हिला म्हणालो, "डॉक्टर रिळं नुसती दाखवतील. मी रिळांभोवती वाढणारी पिढी दाखवणार! मुलं रिळं उघडतील, पुसतील, जोडतील. महर्षींच्या डोळ्यांत पाणी येईल!"

"येईल," ही विणकामातून मान वर न करता म्हणाली. "कशानं येईल ते बघू."

महर्षी यायचे होते त्या दिवशी सकाळीच मी माझी पलटण गोळा केली. एक आमची नात. तिला सगळे शंकाबाई म्हणतात, कारण तिचं प्रत्येक वाक्य प्रश्नचिन्हात संपतं. दोघं शेजारचे जुळे, ढवळ्या आणि पवळ्या. एकाला खाज सुटली की दुसरा खाजवतो. आणि चौथा वरच्या मजल्यावरचा घुम्या. तो बोलत नाही, पण सांगितलेलं काम चटकन करतो. फार चटकन करतो.

शाळेत मुलं माझ्यासमोर बसायची. घरी मात्र जेवणाचं टेबल गोल! शंकाबाई समोर बसली, ढवळ्या एका कुशीला, पवळ्या दुसऱ्या कुशीला आणि घुम्या चक्क माझ्या पाठीशी स्टुलावर उभा राहून खांद्यावरून बघू लागला. या बसण्यात काही गडबड आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही.

रिळं उघडली. फिरक्या निघाल्या, मुठी निघाल्या. मऊ फडकी फिरली. पितळ असं चमकलं की ढवळ्यानं त्यात भांग पाडून घेतला! सगळं सुरळीत चाललं होतं. मग आली खिट्टी.

ही खिट्टी म्हणजे रिळाचा जीव. नखाएवढी, पण तीच दात्यांत अडकून दोराला धरून ठेवते आणि तो कर्रर्र आवाज तिचाच. ती बसवायला आत दोन खाचा असतात. एका बाजूच्या खाचेत बसवली, तर दोर ओढताना रीळ तो अडवत अडवत सोडतं. दुसऱ्या बाजूला बसवली, तर ओढताच चाक सुसाट मोकळं! काही कारागीर दोन्ही सोयी ठेवतात, डावखुऱ्यांसाठी.

"मुलांनो, नीट लक्ष द्या," मी म्हणालो. "खिट्टी उजवीकडे!" आणि सवयीनं डावा हात वर केला.

"आजोबा, तुमच्या उजवीकडे की माझ्या उजवीकडे?" शंकाबाई.

"छान प्रश्न! विचार कर. उत्तर तुझ्याजवळच आहे."

मी उत्तर कधी सांगत नाही. उत्तर शोधायला लावतो. शिक्षणाचा प्राणच तो आहे!

"पण आजोबा, हात तर तुम्ही डावा वर केलाय ना?" पवळ्या म्हणाला.

"तुला डावा दिसतो, पण आहे तो उजवा. म्हणजे समोरच्याला."

"मी समोर नाहीये."

"मग तू समोर आहेस असं समज!"

पवळ्यानं उठून खुर्ची समोर नेली. ढवळ्या एकटा कसा राहील? तोही गेला. तोवर शंकाबाई नीट दिसावं म्हणून माझ्या बाजूला येऊन बसली. घुम्यानं आपलं रीळच उलटं धरलं आणि मान डोलावली. चौघांनी चौघांच्या मतानं खिट्ट्या बसवल्या, फिरक्या चढवल्या, झाकणं लावली. बाहेरून सगळी रिळं सारखीच साजरी. मी प्रत्येकाच्या पाठीवर शाबासकी दिली आणि रिळं कपाटात ठेवली.

दुपारी बेल वाजली. दारात महर्षी, हातात एक लाकडी पेटी. मागे डॉक्टर! नाकावर चष्मा, चष्म्याला गळ्यात अडकवायची चेन, तोंडावर जिंकलेल्या माणसाचं हसू.

"महर्षींना घर सापडेना, म्हणून सोबत आलो," डॉक्टर म्हणाले. आमचं घर त्यांच्या घरापासून शिंक ऐकू येईल इतक्या अंतरावर आहे.

महर्षी बसले. मी मुलांची ओळख करून दिली, कपाट उघडलं, भाषण सुरू केलं. "महाराज, काही लोक रिळं काचेत कोंडतात. आमच्याकडे—"

"दोर लावलेलं द्या," महर्षी म्हणाले. "डोळ्यांनी रीळ कळत नाही. कानांनी कळतं."

मी बेडकाच्या आवाजाचं रीळ दिलं. पूर्ण दोर भरलेलं, पिवळाधमक दोर! महर्षींनी ते डाव्या हातात धरलं, डोळे मिटले, कान टवकारले आणि उजव्या हातानं दोराला रुबाबदार हिसका दिला.

बेडूक बोललाच नाही!

कर्रर्रच्या जागी आला भर्रर्र! चाक सुटलं ते वळू सुटावा तसं. दोर भसाभस बाहेर पडला, वेटोळी हवेत उडाली, आणि त्यातलं एक वेटोळं वर जाऊन छताच्या फिरत्या पंख्याच्या पात्यात अडकलं.

आता दोर गुंडाळायचं काम पंख्यानं हाती घेतलं! वर पंखा गुंडाळतोय, खाली रीळ सोडतंय, आणि मध्ये रीळमहर्षी! रीळ हातातून सोडायचं नाही हा त्यांचा आयुष्यभराचा नेम. त्यामुळे तेही खुर्चीतून उठून पंख्याच्या दिशेनं गोल फिरायला लागले. ढवळ्या-पवळ्यांना वाटलं हा खेळच आहे. तेही मागून फिरू लागले.

"सोडा हो ते!" डॉक्टर ओरडत पुढे झाले, आणि दोराचा फास चष्म्याच्या चेनीत गुंतला. चेन तुटली. चष्मा वर गेला आणि आमचं सगळं घर वरून पाहत गरागरा फिरू लागला.

"पंखा बंद करा!" मी ओरडलो. "घुम्या, बटण डावीकडे फिरव!" आणि, माझं दुर्दैव, उजवा हात नाचवला.

घुम्या चटकन काम करतो हे मी सांगितलंच आहे. त्यानं माझा हात पाहिला आणि बटण त्या बाजूला शेवटपर्यंत फिरवलं. पंखा विमानासारखा घुमू लागला!

"डावीकडे!"

"कुणाच्या?" शंकाबाई.

"त्याच्या!"

"तो भिंतीकडे तोंड करून आहे, मग भिंतीच्या की त्याच्या?"

"विचार कर!" हे शब्द माझ्या तोंडून सवयीनंच गेले. पण महर्षींनी फिरता फिरता माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो अजून स्वप्नात येतो.

"मी सांगतो!" महर्षी गरजले. "उजवीकडे! नाही, डावी... मी आता कुठे तोंड करून आहे?"

एवढ्यात पंखा आपोआप मंदावला आणि थांबला. चष्मा थेट टेबलावरच्या लोकरीच्या टोपलीत पडला, म्हणून वाचला. दारात ही उभी होती. तिनं मेन स्विचच पाडला होता.

"झालं शिकवून?" ती म्हणाली.

दिवाणखाना कोळ्याच्या जाळ्यासारखा दिसत होता. महर्षींच्या दाढीत दोर, डॉक्टरांच्या पायांत दोर. मी ताबडतोब सूत्रं हाती घेतली. "पवळ्या, तू उजवी—"

"अहो, तुम्ही जरा गप्प बसा," ही म्हणाली. "हात खिशात घाला. दोन्ही."

मी घातले.

मग तिनं आयुष्यभर लोकरीचा गुंता सोडवणाऱ्या बाईच्या शांतपणानं सुरुवात केली. "शंकाबाई, ते टोक घेऊन खिडकीकडे चाल. ढवळ्या, तू कपाटाकडे. पवळ्या, तू इथेच. डॉक्टर, पाय उचला. खिडकीकडचा. आता कपाटाकडचा. महाराज, दाढी दाराकडे करा."

कुणीही कुठेही तोंड करून उभं असो, खिडकी खिडकीतच होती आणि कपाट कपाटाच्याच जागी! शंकाबाईला एकही शंका आली नाही. बघता बघता दोर मोकळा होऊन पुन्हा रिळावर गेला.

"आता या सगळ्या रिळांचं काय?" मी खिशात हात ठेवूनच म्हणालो. "कुठली खिट्टी कुठे आहे, देव जाणे!"

"महाराज, तुमचं नवं रीळ काढा बरं," ही म्हणाली. "टेबलावर ठेवा, पाय दाराकडे करून." रिळाचा पाय म्हणजे जो काठीवर बसतो तो भाग. महर्षींनी मुकाट्यानं पेटी उघडली. आत ते शेवटचं रीळ! काळपट पितळ, लाकडी मूठ... माझी मान आपोआप पुढे गेली. डॉक्टरांचीही.

"यात खिट्टी कुणीकडे आहे?"

महर्षींनी झाकण काढलं, उजवा हात उचलला, मग डावा उचलला, दोन्ही खाली ठेवले आणि पडेल आवाजात म्हणाले, "कपाटाकडे."

"ऐकलंत रे? सगळ्यांनी पाय दाराकडे, खिट्टी कपाटाकडे!"

मुलांनी रिळं उघडली, खिट्ट्या बसवल्या, झाकणं लावली. घुम्यानं बेडकाचं रीळ महर्षींपुढे धरलं. त्यांनी यावेळी बोटाच्या चिमटीत, अगदी भीत भीत दोर ओढला.

"कर्रर्र!"

महर्षींनी डोळे मिटले. "परत," ते म्हणाले. मग सगळीच रिळं बोलू लागली. बेडूक बोलला, मुख्याध्यापक खाकरले, मुलं टाळ्या पिटू लागली.

"महाराज," डॉक्टर खाकरून म्हणाले, "आमच्याकडे असला गोंधळ व्हायचा नाही. आमची रिळं कुणी हलवतसुद्धा नाही."

"पाहिलं मी," महर्षी म्हणाले. "सकाळी तुम्ही मलासुद्धा हात लावू दिला नाहीत."

त्यांनी पेटी उचलली. मी खिशातून हात काढले, छाती पुढे केली, दोन पावलं पुढे झालो. महर्षी माझ्याजवळून तसेच पुढे गेले आणि पेटी हिच्या हातात ठेवली.

"वहिनी, हे तुमच्या घरी नांदेल. फक्त यांना याबद्दल काही शिकवू देऊ नका."

"मला काय करायचंय त्याचं?" ही म्हणाली. "पण पेटी छान आहे. सुया मावतील."

असो! घर तर आमचंच ना? रीळ आमच्याच कपाटात आहे. पेटीत सुया आहेत. हिची परवानगी काढली की मला रीळ बघायला मिळतं. दर रविवारी मुलं येतात, पाय दाराकडे, खिट्टी कपाटाकडे करून सगळी रिळं पुसून ठेवतात. मी हात खिशात घालून देखरेख करतो.

गेल्या महिन्यात मात्र घराला रंग दिला. रंगाऱ्यांनी कपाट उचलून खिडकीशेजारी ठेवलं, आणि हिला ती जागा इतकी आवडली की ते तिथेच राहिलं.

परवा मुलं आली. शंकाबाईनं महर्षींचं शेवटचं रीळ उघडलं आणि खिट्टी हातात घेऊन विचारलं, "आजी, कपाटाकडे ना?"

"हो, कपाटा..." ही थांबली. तिनं कपाटाकडे पाहिलं. खिडकीकडे पाहिलं. दोन्ही एकाच भिंतीला! "जुन्या कपाटाकडे," ती म्हणाली.

"म्हणजे आता जिथे कपाट नाही तिकडे?"

एवढ्या महिन्यांनी माझी वेळ आली होती! मी घसा साफ केला. "मुलांनो," मी म्हणालो, "अशा वेळेसाठीच माणसानं उजवं-डावं शोधून काढलंय. नीट लक्ष द्या!" आणि खिशातून हात काढून वर केला.

घुम्या मुकाट्यानं उठला, आणि आधी पंखा बंद करून आला.