समजा, तुम्ही वारलात

"समजा, तुम्ही वारलात," असं म्हणत नसीम आपांनी माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच सुरीने खरबूज कापायला घेतलं. नव्या शेजारणीची ही पहिली भेट. खरबुजाचा दमट, केशरी सुगंध घरभर पसरला होता आणि त्या सुगंधात मी अगदी निवांत मेले होते.

"यजमानांना पाव हिस्सा. आपल्या आई आहेत ना? सहावा त्यांचा. उरलेलं मुलांचं, मुलाला दोन फोडी, तर मुलीला एक."

"आणि मला?" सासूबाईंनी विचारलं.

"सून गेली तर सासू वारस नाही."

"ती असतानाही फारसं काही मिळत नाही म्हणा!" सासूबाई म्हणाल्या, आणि दोघींची गट्टी जमली ती कायमची.

लेक मात्र फणकारली, "मला अर्धंच का?"

"विचारत राहा," आपा शांतपणे म्हणाल्या. "पण हे अर्धं तरी किती बहिणींच्या हाती पडतं, तेही विचार. साडी देऊन सही घेणारे भाऊ तुमच्यातही आहेत, आमच्यातही."

आपांनी हयातभर कायद्याच्या महाविद्यालयात मुस्लिम वारसाहक्क शिकवला. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी संपले. मग त्यांनी पुण्याजवळच्या मांजरी गावातली आमची सोसायटी हाती घेतली. लिफ्टमध्ये त्या प्रकृतीऐवजी वारस विचारतात. वाढदिवसाच्या केकपाशी उत्सवमूर्तीलाच दिवंगत ठरवतात. लोक हसतात, मी मात्र पाहुण्यांना अभिमानाने सांगते, या बाई माझ्या शेजारी राहतात. त्याला कारण आहे तळमजल्यावरची सना.

सना लहान असतानाच तिचे वडील गेले. तिला वाढवलं आजोबांनी, आमच्या इनामदार चाचांनी. चाचांचे बाकीचे दोन मुलगे परगावी असतात. चाचा निर्धास्त होते, "माझ्यामागे सनाला तिच्या बापाचा वाटा मिळेलच."

"मिळणारच की," सासूबाईंनी दुजोरा दिला.

"तुमच्यात मिळतो," आपा म्हणाल्या. "आमच्यात मुलगे हयात असले की नात वारस राहत नाही. चाचा, तिसऱ्या हिश्शापर्यंत वसियत, म्हणजे मृत्युपत्र, आपल्या हातात आहे. करून टाका."

"अहो मॅडम, मी काय उद्या मरतोय?"

"उद्याचं वेळापत्रक माझ्याकडे नसतं."

मग रोज सकाळी उसाच्या ओल्या वासात फिरताना तोच संवाद. चाचांना वाटे, वसियत केली की मरण दाराशी येतं. हिवाळ्यात ते दवाखान्यातून घरी आले, तेव्हा आम्ही भेटायला गेलो. तरीही त्यांचं तेच: "बघू, ईद होऊन जाऊ दे."

सना चहा घेऊन आली. चाचांचा बिनसाखरेचा, आपांचा आल्याचा, माझा कमी पत्तीचा. न विचारता प्रत्येकाचा कप तिने बरोबर ठेवला आणि आत गेली. आपांनी कपाला हात लावला नाही.

"माझे अब्बाही आजोबांच्या आधी गेले," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजातला वर्ग सुटून गेला होता. "आजोबाही 'बघू' म्हणायचे. वाटणीला काका बसले, तेव्हा चहा मीच दिला. कोणाला किती साखर लागते ते मला माहीत होतं. मी त्या घरातली कोण, ते त्या दिवशी कळलं."

चाचांनी आपला कप खाली ठेवला. म्हणाले, "मित्रांना बोलवा. तोंडी वसियतीलाही साक्षीदार लागतील ना?"

दुपारी मशिदीतले दोन जुने मित्र आले. उशीला टेकून चाचांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "माझ्या मालमत्तेतला तिसरा हिस्सा सनाला. माझ्या मोठ्या मुलाच्या मुलीला."

"नीट ऐकू आलं नाही," आपा म्हणाल्या. "पुन्हा सांगा."

साक्षीदार चकित झाले. आपांचे कान केवढे तिखट, ते अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे.

चाचांनी पुन्हा सांगितलं, सावकाश. आपा डोळे मिटून ऐकत होत्या.