आजोबाच्या हातचं दुपटं

सुईदोरा म्हणजे बायकांचं काम, असं मीच सगळ्यांना सांगत फिरायचो. पण नातू झाला आणि मत फिरलं! "बारशाला बाळाचं दुपटं मी शिवणार, या हातानं!" मी घरात जाहीर करून टाकलं.

"तुमाला पायजम्याची नाडी ओवता येत न्हाई," आमची मंडळी, कोकिळा, म्हणाली.

आता परभणीत हातानं गोधडी शिवायचं लय वेड आलंय. आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात दर रविवारी सगुणाबाई शिकवतात. कॉलेजच्या पोरी काय, बँकेतल्या मॅडम काय, सगळ्या मांडी घालून टाके घालायल्यात. त्यात एकटा बाप्या मी! बारसं रविवारीच संध्याकाळी होतं, म्हणून सकाळीच जाऊन बसलो. कोकिळाच्या जुन्या मऊ लुगड्याचे थर मांडीवर पसरले आणि सुटलो. टाके असे मजबूत पडायले की विचारू नका!

"वैजीनाथभाऊ, उठा, चहा घ्या," सगुणाबाई म्हणाल्या.

उठलो. दुपटंही उठलं! त्याच्या मागं पायजमा निघाला! मी धपकन खाली बसलो.

"काय झालं?"

"काही न्हाई! चहा सोडलाय मी!"

बाईंनी दुपट्याचं टोक उचलून बघितलं. मांडीवर ठेवून शिवता शिवता पायजम्याचा अख्खा खिसा मी दुपट्याला शिवून टाकला होता! पोरी इतक्या हसल्या की एकीला उचकी लागली. उसवत बसायला वेळ कुठं होता? बाईंनी सरळ कात्री चालवली. खिसा दुपट्यात राहिला, पायजम्याला खिडकी पडली. खिशावर लुगड्याचा आणखी एक थर शिवला आणि मी कमरेला टॉवेल गुंडाळून घरी आलो.

घरात वेगळाच गोंधळ! कपाटाची चावी सापडंना. आत बाळाचे चांदीचे वाळे आणि माझे सगळे कपडे.

"चावी तुमच्याकडंच होती!" कोकिळा ओरडली.

"तूच हरवलीस!" मी दुप्पट ओरडलो.

शेवटी जावयाची पँट चढवून पाहुण्यांसमोर उभा राहिलो. ती बिचारी माझ्या घोट्यापर्यंतही येईना.

आमच्या लेकीनं, पिंकीनं, बाळाला माझ्या दुपट्यावर ठेवलं. बाळानं असा टाहो फोडला! उचललं की गप, ठेवलं की टाहो.

"आजोबाची माया टोचायलीय वाटतं!" मानवतहून आलेल्या विहीणबाई सरजाबाई म्हणाल्या. सगळे खदाखदा हसले. मला मात्र खरंच वाईट वाटलं हो. एवढ्या हौसेनं शिवलं आणि नातवालाच नकोसं!

सरजाबाईंनी दुपटं चाचपलं. "अगं बाई, यात कायतरी टणक हाय!"

कोकिळानं कात्री आणून वरचा थर उसवला. आधी माझा खिसा निघाला. मग खिशातनं कपाटाची चावी!

कोकिळानं माझ्याकडं असं बघितलं की मी पंख्याचा वेग बघायला लागलो. बाळ मात्र परत ठेवल्याबरोबर गाढ झोपलं. त्याच दुपट्यावर!

"बघा! झोपलं की नाही आजोबाच्या हातच्या दुपट्यावर?" मी छाती फुगवून म्हणालो. "आता पुढच्या रविवारी अख्खी गोधडीच..."

कोकिळानं कपाट उघडलं. वाळे काढले. मला पायजमा दिला. माझा सुईदोरा आत टाकला, कपाट लावलं आणि चावी कमरेला खोचली.