पकायाच्या वाटेवरची सोयरीक

एवारिस्तो अमातित्लान गावात शवपेट्या करत असे. त्यामुळे समोर माणूस आला, की त्याचं नाव कानांत शिरण्याआधी त्याची लांबी-रुंदी याच्या डोळ्यांत भरे. गुरुवारी सकाळी तो न कळवता पकाया ज्वालामुखीच्या फाटकावर येऊन उभा राहिला आणि वाटाड्या एलिसेओला डोक्यापासून पायापर्यंत मोजू लागला, तेव्हा एलिसेओ दोन पावलं मागं सरला.

"काका, तुम्ही? आपलं रविवारी ठरलंय ना?"

"रविवारी तू मुलगी मागायला येणार. धुतलेला शर्ट, चापून बसवलेले केस. मी लाकूड घेतो ते रंधा मारण्याआधी बघून घेतो. चल, दाखव तुझा धंदा."

रविवारकडे एलिसेओ वर्षभर डोळे लावून बसला होता. पावाची नि चॉकलेटची टोपली घेऊन तो ओदिलियाच्या दारात जाणार. रिवाजाप्रमाणे तिचा बाप दोनदा नाही म्हणणार आणि तिसऱ्यांदा हो. तिसऱ्यांदा त्यानं हो म्हणावंच, एवढ्यासाठी एलिसेओने गावच्या देवळात मेणबत्त्यांची आरास मांडली होती.

"काका, वाट चढाची आहे. तुमचा गुडघा..."

"गुडघ्याचं काय? माझ्या गुडघ्यानं तुझ्याकडे तक्रार केली का?"

फाटकाशी घोडेवाल्यांची रांग असते. चढणारा घोळका दिसला, की कोण कुठल्या वळणावर बसकण मारणार, हे ते नजरेनंच ताडतात. पहिली हाक ज्याची, गिऱ्हाईक त्याचं. मग गिऱ्हाईक कितीही नको म्हणो, घोडा त्याच्या मागून निमूट चालत राहतो. परक्यांना वाटतं गिधाडं मागं लागली. गावातले याला धीर म्हणतात.

एलिसेओ घोडेवाल्यांना गप्प राहायची खूण करायला वळला, पण तोवर उशीर झाला होता. रांगेतून खणखणीत आवाज आला:

"अहो पोटोबा! घोडी घ्या घोडी! दुसऱ्या वळणावर भात्यासारखे फुसफुसाल, तेव्हा मलाच हाका माराल!"

सगळी रांग खो खो हसली. एवारिस्तोचा चेहरा लाल झाला. एलिसेओचा मात्र पांढराफटक पडला, कारण हाक मारणारी त्याची आई होती.

परदेशी पाहुण्यांना काठ्या देण्याच्या निमित्तानं तो तिच्याजवळ सरकला. "आई, काय केलंस हे? ओदिलियाचे वडील आहेत ते!"

त्रान्सितोनं तोंडावर हात मारला. "अगं बाई! व्याही? आणि मी त्यांना पोटोबा..."

"घरी जा. रविवारपर्यंत तुझा चेहरा विसरतील."

"चेहरा विसरतील, पोटोबा कसं विसरतील? आणि मी गेले तर तो गास्पार मागं लागेल. त्याची जीभ माझ्याहून लांब. नाही बाबा, आता माझं गिऱ्हाईक आहे ते. मी तोंड झाकून येते, शब्दसुद्धा काढत नाही."

तिनं शाल नाकापर्यंत ओढली, टोपी भुवयांवर दाबली आणि कानेला घोडीचा लगाम धरून निघाली. शब्द न काढणं तिला कुठलं जमायला? घोडीच्या कानाशी लागून ती हळूच गुणगुणू लागली:

"चल गं कानेले, वाट काळ्या राखेची,
पाठीवर बैस म्हणते, जिद्द मोठी लोकांची."

"ही बाई माझ्यावर गाणं रचतेय का?" एवारिस्तो गुरगुरला.

"नाही काका, घोडीवर."

एलिसेओने मग नवी युक्ती काढली. काकांना दम खाता यावा म्हणून तो दर दहा पावलांवर थांबून काहीतरी समजावू लागला. हे पाइनचं झाड. हा दगड. हा दुसरा दगड. बरोबरचे दोघे स्वीडिश पाहुणे हरणांसारखे लांब पायांचे. तिसऱ्या दगडाशी त्यांचा धीर सुटला आणि ते सरळ पुढं निघाले. एलिसेओची पंचाईत झाली. तापलेल्या लाव्ह्यावर पाहुण्यांना एकटं सोडणं म्हणजे वाटाड्याच्या बिल्ल्यावर पाणी सोडणं.

"तू हो पुढं," एवारिस्तो उदारपणे म्हणाला. "मला बुटाची नाडी बांधायचीय."

ती नाडी त्यानं पहिल्या वळणावर बांधली, मग दुसऱ्या वळणावर बांधली. तिसऱ्या वळणावर तो नाडी बांधायला वाकला आणि त्याला वर येताच येईना. कानेलानं त्याच्या पाठीला नाक लावून मायेनं एक ढुशी दिली.

"बाई," तो वाकलेलाच म्हणाला, "पुढं कोणी दिसतंय का?"

"कुणी नाही."

"मग मला बसवा. पण पुढच्या वळणाआधी उतरवायचं. पोरगा माझा जावई होऊ बघतोय. त्यानं मला घोडीवर पाहिलं, तर रविवारी मी त्याच्यासमोर कुठल्या तोंडानं ताठ बसू?"

कसंबसं ते धूड घोडीवर चढलं. खाली दूर सरोवर चमकत होतं, वर डोंगर धूर सोडत होता. वाऱ्यानं घाम सुकला, तसा एवारिस्तो मोकळा झाला.

"पोरगा भला आहे हो. मला भीती त्याच्या आईची."

लगाम धरलेला हात थबकला. "का बरं?"

"जीभ म्हणजे करवत, असं ऐकलंय. अमातित्लानपर्यंत आवाज येतो म्हणतात."

"लोकांना काय, वाढवून सांगायची सवय असते."

"असेल. पण माझी पोर मऊ आहे, पिठासारखी. तिची आई गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच." तो जरा थांबला. "खरं सांगू? रविवारी दोनदा नाही म्हणेन ते रिवाजाचं. तिसऱ्यांदा मात्र खरंच नाही निघेल तोंडातून, असं वाटतंय. पोर गेल्यावर बोलायचं कोणाशी? पेट्यांशी?"

आज सकाळपासून पहिल्यांदाच त्रान्सितोला गप्प राहण्याचे कष्ट पडले नाहीत.

"त्या बाईला मी ओळखते," शेवटी ती म्हणाली. "तोंडाची फटकळ आहे. पण चुलीवरचं पहिलं कधी स्वतः खाल्लं नाही तिनं. तुमच्या पोरीला उपाशी निजू देणार नाही."

"असं म्हणता? बरं, वळण आलं. उतरवा आता."

"कानेले, थांब गं."

कानेला थांबली नाही. इतकी वर्षं तिला एकच शिकवण होती: पाठीवर माणूस बसला, की थेट लाव्ह्याच्या माळापर्यंत. "थांबवा!" एवारिस्तो ओरडला. "ओढतेय हो!" त्रान्सितो लगामाला लोंबकळली, टोपी उडाली, शाल गळ्यात आली आणि अशा थाटात तिघं माळावर दाखल झाली, जिथं एलिसेओ पाहुण्यांबरोबर वाफाळत्या भेगेवर मक्याच्या पोळ्या भाजत बसला होता.

एलिसेओच्या हातची पोळी भेगेत पडली.

"आई!" तो किंचाळला.

एवारिस्तोने त्याच्याकडे पाहिलं, मग लगाम धरलेल्या बाईकडे पाहिलं. वर बसल्याबसल्या आपण काय काय बोललो, ते त्याला एकेक करून आठवू लागलं.

"मला खाली उतरवा," तो क्षीणपणे म्हणाला.

"उतरवते की," त्रान्सितो म्हणाली. तिनं केस सारखे केले, शाल नीट घेतली. "पण मुलाची आई इथं आहे, मुलीचा बाप इथं आहे. टोपली तेवढी घरी राहिली. माझ्या एलिसेओसाठी तुमची ओदिलिया मागते. देता?"

"हे काय मुलगी मागायचं ठिकाण आहे?"

"देता का?"

रिवाज तो रिवाज. एवारिस्तोने छाती पुढं काढली. "नाही."

"देता का?"

"नाही म्हणतो ना!"

पायाखाली डोंगर घुमला, गरम दगडांवर कानेलानं एक खूर उचलला, मग दुसरा. एलिसेओने डोळे मिटून घेतले. त्रान्सितोनं मात्र तिसऱ्यांदा विचारण्याआधी आवाज खाली आणला, पोराला अंगाई म्हणावी तसा.

"एकटे पडणार नाही तुम्ही. दर रविवारी दोघांना घेऊन मी स्वतः येईन. घरात बोलणं कमी पडणार नाही, एवढा शब्द देते. आता सांगा. देता?"

एवारिस्तोने लांबवर पाहिलं. धुरामुळे असेल, त्याचे डोळे चुरचुरत होते.

"दिली," तो म्हणाला.

एलिसेओने त्याला मिठीत घेऊनच खाली उतरवलं. स्वीडिश पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. रोजच्या सहलीत हेही दाखवत असावेत, असं त्यांना वाटलं.

परतायच्या वेळी एलिसेओने घोडी पुढं आणली, तर एवारिस्तो मागं सरला. "आमच्याकडे मुलाची आई मुलीच्या घरून पायी परत जात नाही."

"मुलीचं घर कुठंय इथं?" त्रान्सितो म्हणाली.

"मुलीचा बाप उभा आहे, तेच मुलीचं घर. बसा, विहीणबाई."

आजवर हजारोंना तिनं त्या पाठीवर बसवलं होतं; स्वतः एकदाही बसली नव्हती. नववधूसारखी लाजत ती चढली. एवारिस्तो लगाम धरून लंगडत पुढं झाला. वाट उतरू लागली. वरून सगळंच दिसत होतं: सरोवर, गावं, पलीकडच्या डोंगरांवरचे ढग. त्रान्सितो मान वळवून वळवून बघत होती.

"एवढ्या गप्पशा, विहीणबाई?"

"गप्प कुठली? रविवारी तुमच्याकडे येऊन काय काय बोलायचं, ते मनात जुळवतेय."

एवारिस्तो दोन पावलं तसाच चालला. मग मागं न बघता म्हणाला, "रविवारपर्यंत कशाला थांबता? सुरू करा की."