कतीफची चाळीस गिऱ्हाइकं

याकूब होडेकर यांनी मला फसवलं. माझ्याच दुकानात, माझ्याच ताडपत्रीच्या तुकड्यांनी फसवलं, आणि वर दोन महिने मला मासळीच्या गोष्टी ऐकवल्या. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करतोय असा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

याकूबचाचा कोणाशी हात मिळवत नसत. समोर माणूस आला की सलाम करायचे आणि त्याच दमात त्याच्या कपड्याची शिवण दोन बोटांत धरून ओढून बघायचे. खांद्याची, बाहीची, खिशाची, हाताला येईल ती. शिवण उसवली तर म्हणायचे, "बरं झालं, इथेच कळलं." टिकली तरी माणूस सुटायचा नाही. मग म्हणायचे, "वारा सुटला की कळेल." सौदीतल्या आमच्या जुबैलमधल्या निम्म्या कोकणी माणसांचे खिसे त्यांनी फाडले होते, आणि फाडलेला प्रत्येक खिसा तिथल्या तिथे शिवूनही दिला होता. शिवायला कधी पैसे घेतले नाहीत. फाडल्याबद्दल कधी माफीही मागितली नाही.

मूळचा माणूस शिडं शिवणारा. आमच्या गावच्या खाडीत शिडाची गलबतं होती तोवर चाचांच्या दाभणाला उसंत नव्हती. पुढे गलबतांना इंजिनं बसली, शिडं घड्या होऊन खोपटात गेली, आणि चाचा सौदीला येऊन एका कंत्राटदाराकडे तंबू आणि ताडपत्र्या शिवू लागले. दाभण, मेण लावलेला दोरा आणि तळहाताला बांधायची चामड्याची पट्टी, एवढंच सामान त्यांनी गावाहून आणलं होतं. टेप त्यांना वर्ज्य. सगळं मोजायचं ते वितीने. "टेप लोंबतो," म्हणायचे, "वीत लोंबत नाही."

मी कोण, तेही सांगतो. मी गनी परकार. जुबैलला आलो तेव्हा पायात दुसऱ्याच्या चपला होत्या. दहा वर्षांत ताडपत्री, दोरखंड आणि हत्यारांचं दुकान उभं केलं, कफीलच्या, म्हणजे जामीन राहणाऱ्या सौदी मालकाच्या नावाने, पण स्वतःच्या घामाने. सौद्यात मला कोणी हरवलेलं नाही. पठाण नाही, हुफूफचे खजूरवाले नाहीत. माझा आवाज मोठा आहे, हे मला बायकोने सांगितलंय, गिऱ्हाइकांनी सांगितलंय. म्हणून आमच्या गावच्या जमातीने जुबैलमधला फंड माझ्या हाती दिला होता. दिलदार माणसाच्या हाती फंड दिला तर तो उन्हाळ्याच्या आत संपतो.

या फंडातून खुराकी देत असू. गावचा माणूस बेकार झाला की त्याला काम मिळेपर्यंत दर महिन्याला जेवणापुरती रक्कम. नियम दोनच. एका वेळी तिघांपेक्षा जास्त नाही, आणि कमाई सुरू झाली की जुम्याच्या नमाजानंतरच्या बैठकीत उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, "माझी खुराकी बंद करा." पुरावा मागायची पद्धत नव्हती. खोटं बोलून खुराकी मिळवणारे आम्ही पाहिले होते, त्यांची मी हाडं सैल केली होती. पण खोटं बोलून खुराकी सोडणारा माणूस असू शकतो, हे जमातीच्या ध्यानीमनी नव्हतं. माझ्याही नव्हतं.

कुवेतवर इराकी फौजा आल्या त्या उन्हाळ्यात चाचांच्या कंत्राटदाराने साइट बंद केली आणि माणसं कॅम्पात बसवली. थंडी संपेपर्यंत नवा कफील शोधा, नाहीतर परतीचं तिकीट, असं सगळ्यांना सांगितलं. चाचा खुराकीच्या यादीत तिसरे लागले. चौथा आला निसार. वेल्डर, वय पंचवीस, गावी बायको बाळंत झालेली, पोराचं तोंड अजून पाहिलेलं नाही. त्याला मी परत पाठवला. नियम म्हणजे नियम. तो म्हणाला, मग मी रिकाम्या हाताने घरी जातो. मी म्हटलं, तुझी मर्जी. चाचा तिथेच बसले होते, पण काही बोलले नाहीत. आणि बोलतील कशाला? ईदच्या दिवशी त्यांनी निसारचा लग्नातला सदरा काखेपासून कमरेपर्यंत उसवला होता, तेव्हापासून दोघांत बोलणं बंद होतं.

त्याच आठवड्यात चाचा माझ्या दुकानात आले. आल्या आल्या माझ्या दारावरचं कापडी छत ओढून बघितलं आणि म्हणाले, "गनी, हे शमाल वाऱ्याच्या पहिल्या झोतात जाईल." मग आत येऊन धंदा सांगितला. युद्ध होणार. विषारी वायूच्या भीतीने कंपन्या माणसांना गॅस मास्क वाटणार. मास्क येणार पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोकं हातात धरून माणूस काम कसं करणार? तर खांद्याला लावायची ताडपत्रीची पिशवी. बाहेरच्या बाजूला इकाम्यासाठी, म्हणजे सौदीत राहायच्या परवान्यासाठी, बटणाचा कप्पा. "इकामा आणि श्वास, दोन्ही एका खांद्यावर," चाचा म्हणाले. त्यांना हवे होते ताडपत्रीचे उरलेसुरले तुकडे, आणि बसायला दुकानातला मागचा कोपरा.

मी म्हटलं, चाचा, युद्धबिद्ध काही होत नाही, हे सगळं बोलणंच चाललंय. पण कोपरा फुकट देणं माझ्या रक्तात नाही. मी भाडं सांगितलं. ते गप्प. मी कमी केलं. ते गप्पच, नुसता माझ्या बाहीचा काठ चाचपत बसलेले. शेवटी मीच म्हणालो की दारावरचं छत नव्याने शिवून द्या आणि दुकानातल्या फाटक्या ताडपत्र्या सांधा, भाडं नको. ते लगेच "खलास" म्हणाले आणि दोरा ओवायला बसले. जिंकलो असं वाटून मी त्या दिवशी खुशीत जेवलो.

दहा दिवसांत चाळीस पिशव्या झाल्या. पुढच्या जुम्याला चाचा बैठकीत उभे राहिले. "कतीफच्या एका कॅम्पाने चाळीस पिशव्या सांगितल्यात. धंदा लागला. माझी खुराकी बंद करा," म्हणाले, आणि खाली बसले. लोकांनी माशाल्ला म्हटलं. मी उठून त्यांना सगळ्यांसमोर आलिंगन दिलं. त्यातही त्यांनी माझ्या पाठीची शिवण ओढलीच. तिसरी जागा मोकळी झाली आणि नियमाप्रमाणे निसारला मिळाली. मला बरं वाटलं, कारण नियम मोडावा लागला नव्हता.

नंतरचे दोन महिने सांगतो ते नीट ऐका. सकाळी चाचा कॅम्पातून गाठोडं घेऊन निघायचे, तासाभरावरच्या कतीफला, आधी माल पोचवायला आणि मग तिथली फाटकी कामं करायला. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, मी घरी जेवून झोपतो. मागच्या दाराची चावी चाचांकडे होती. चारला मी आलो की चाचा कोपऱ्यात बसून पुढच्या पिशव्या शिवत असायचे. मी विचारायचो, जेवलात का? त्यावर मासळी सुरू. कतीफच्या बाजारात आज सुरमई काय ताजी होती, कॅम्पातल्या मलबारी आचाऱ्याने चिंच घालून केली, पण आपल्या कोकमाची सर नाही. परवा कोळंबी होती. काल पापलेट, जरा जास्त तळलेलं. असं वर्णन करायचे की माझं भरलेलं पोट पुन्हा रिकामं व्हायचं. एकदा तर मी रागावलो, म्हटलं, रोज एकटेच खाता, एक तुकडा बांधून आणावा. ते म्हणाले, "मासळी शिळी होते रे गनी. गरम असते तोवरच खरी."

एकदा पाहिलं तर चाचा स्वतःच्याच पॅन्टची कंबर उसवून आत घेत होते. महिन्याभरात दुसऱ्यांदा. मी खवचटपणे विचारलं, चाचा, धंदा वाढतोय आणि कंबर का घटतेय? "शिंप्याने ढिली शिवली होती," म्हणाले. मी विश्वास ठेवला. ज्या गनी परकारने पाकिस्तानी घाऊकवाल्याची ताडपत्री अंधारात बोटाने चाचपून नाकारली, त्याने या वाक्यावर विश्वास ठेवला.

मग एका संध्याकाळी शमाल सुटला. आमच्या गल्लीतली सगळी छतं उडाली. समोरच्या मलबारी हॉटेलचं छत जाऊन कंपनीच्या बसवर पडलं. माझ्या दारावरचं तेवढं फुगलं, ताणलं, आणि जागच्या जागी राहिलं. चाचा त्याच्याखाली खुर्ची टाकून बसले होते, गलबतावर बसल्यासारखे. त्या दिवशी पहिल्यांदा गल्लीला त्या कोपऱ्यात कोण बसतं ते कळलं.

जानेवारीत युद्ध आलं. कंपन्यांनी मास्क वाटले ते पुठ्ठ्याच्याच खोक्यात. पहिला सायरन वाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला गेलो तर दाराशी रांग. फिलिपिनो, पठाण, आपले केरळवाले, सगळे खोकं हातात धरून उभे. माझ्या छताखाली उभे होते हे मुद्दाम सांगतो, कारण पाऊस पडत होता. चाचा आत बसून शिवत होते, मी बाहेर भाव करत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव केला आणि समोरच्याने घासाघीस केली नाही. दुपारपर्यंत तयार माल संपला. गिऱ्हाइकं परत जाऊ लागली. मी चाचांना म्हटलं, अजून काही तयार आहे का? चाचांनी वर माळ्याकडे एकदा पाहिलं, मग खाली दाभणाकडे, आणि म्हणाले, "उद्या या म्हणावं."

दुसऱ्या आठवड्यात माझा कफील आला. दुकानासमोर रांग कसली, हे बघायला. वयस्कर, भारदस्त माणूस. चाचा उठले, अदबीने सलाम केला, आणि मी हात धरेपर्यंत त्याच्या पांढऱ्याशुभ्र पायघोळ तोबच्या खांद्याची शिवण ओढली. टर्रकन आवाज झाला. मला माझं दुकान, माझा इकामा आणि माझी दहा वर्षं एकदम उसवलेली दिसली. पण चाचांनी दोरा आधीच ओवलेला. कफीलला स्टुलावर बसवलं आणि अंगावरच खांदा शिवून दिला. कफीलने स्वतः ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं. मग दुसरा खांदा चाचांपुढे केला. जाताना मला म्हणाला की या माणसाचे कागद घेऊन ये, याला मी माझ्या नावावर घेतो.

थंडी संपली, युद्धही संपलं. ज्या चाचांना परतीचं तिकीट मिळायचं होतं, त्यांच्या हाताखाली तीन शिंपी बसले. पिशव्यांची गरज संपल्यावर ते तंबू, गाडीची कव्हरं आणि छतं शिवू लागले. जुबैलमधली निम्मी छतं आज त्यांच्या शिवणीची आहेत. जमातीच्या फंडात घेणाऱ्यांच्या यादीतून देणाऱ्यांच्या यादीत एका वर्षात गेलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. निसारलाही एका प्लांटमध्ये काम लागलं. पुढच्या ईदला तो पोराला बघून आला.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण पुढच्या वर्षी मी दुकान मोठ्या जागेत हलवलं. माझे गुडघे दुखतात म्हणून त्या माळ्यावर मी कधी चढलो नव्हतो. सामान उतरवणाऱ्या माणसाने वरून चार गाठोडी खाली टाकली. मी सोडली. पिशव्या होत्या. खांद्याचा पट्टा, इकाम्याचा कप्पा, मेणाचा दोरा. मोजल्या. चाळीस.

मी तिथेच पोत्यावर बसलो. कतीफला कॅम्प नव्हता. गिऱ्हाईक नव्हतं. आचारी नव्हता. चाचा सकाळी गाठोडं घेऊन निघायचे, कुठेतरी भिंतीच्या आडोशाला वेळ काढायचे, आणि मी घरी जेवत असताना मागच्या दाराने येऊन माल माझ्याच डोक्यावर चढवायचे. आणि रांग लागली, माल संपला, माणसं परत गेली, तेव्हा चाळीस तयार पिशव्या तीन हात वर पडून होत्या. त्या खाली काढल्या असत्या तर खोटं उघडं पडलं असतं, म्हणून हा माणूस बोटं सोलेपर्यंत नव्या शिवत बसला. व्यापारी म्हणून हे मी कसं माफ करू?

एक पिशवी घेऊन त्यांच्यासमोर टाकली आणि जेवढा मोठा आवाज आहे तेवढ्याने विचारलं. चाचांनी पिशवी उचलली, पट्ट्याची शिवण ओढून पाहिली. टिकली.

"निसारच्या घरी पाळणा होता," ते म्हणाले. "माझ्या घराला कुलूप आहे. कुलूप काही मनीऑर्डरीची वाट बघत नाही."

मी म्हटलं, तुम्ही मला सांगायचं होतं.

"तुला सांगितलं असतं तर तू नियम सांगितला असतास."

आणि पुन्हा शिवायला लागले. त्यांच्या मते विषय खलास. माझ्या मते नाही. निसारला आजवर हे ठाऊक नव्हतं, आता वाचून कळेल. त्याने आपलं बघावं. मी त्या वर्षीच फंडाचा नियम बदलला, तिघांऐवजी जितके बेकार तितके, आणि कमी पडेल ते माझ्या दुकानातून. जमातीला वाटतं, गनी म्हातारपणी मऊ झाला. तसं काही नाही. मला पुन्हा कोणी फसवू नये एवढीच ती तजवीज आहे.

पण जुना मामला मिटलेला नाही. याकूब होडेकर यांनी येत्या जुम्याला बैठकीत उभं राहावं, जसे तेव्हा राहिले होते तसे, आणि सगळ्यांसमोर उत्तर द्यावं. मी रोज चार वाजता भरल्या पोटी येऊन विचारत होतो, जेवलात का. त्या दोन महिन्यांत तुम्ही नक्की काय खाल्लंत?