बेडूक बोलला गुलाबरावांच्या हरभऱ्यात

आवाज या विषयात माझा हात धरणारा वरवट बकाल गावात दुसरा कोणी नाही! मिक्सर असो, रेडिओ असो की लग्नातला डीजेचा डबा, मुकं झालेलं यंत्र मी नुसतं कानाशी धरलं की त्याला काय दुखतंय ते मला कळतं. बरं होतंच असं नाही. पण निदान पक्कं!

माझ्याकडे फक्त दुकान नव्हतं. दुकानाची पाटी होती. ‘धम्मदीप साउंड क्लिनिक. येथे सर्व प्रकारचे आवाज दुरुस्त करून मिळतील.’ पिवळ्यावर लाल अक्षरं. सहा महिन्यांपासून ही पाटी खाटेमागे भिंतीकडे तोंड करून उभी होती, गृहपाठ विसरलेल्या पोरासारखी. कारण दुकानासाठी हवी होती आमच्या घराची रस्त्याकडची खोली, आणि ती होती बाबांच्या ताब्यात. बाबा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांचं बोलणं तिकिटासारखं: लहान, स्पष्ट, आणि एकदा फाडलं की परत घेतलं जात नाही.

शुक्रवारी अकोल्याहून समताताईचा फोन आला. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, कॉलेजात फिजिक्स शिकवते; महामाया तिची मुलगी.

“धम्मा, माया तो बेडकाचा गेम हाये का रे घरात? महामाया मांगं लागली हाये, तुयाच लहानपणचा गेम दाखव म्हणते. रविवारी येऊन राह्यलो आम्ही.”

“हाये ना ताई! टीव्हीच्या कपाटात हाये.”

“पण आवाजासकट पाह्यजे बरं! बेडूक वर पोचला का जे गाणं वाजते, त्याच्यासाठीच तं खेळत होती मी.”

गेम म्हणजे साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठा, हातात धरून खेळायचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा डबा. मोठ्या मामांनी ताईला ती आठवीत असताना नागपूरहून आणून दिलेला. त्यात एक बेडूक विहिरीतून उड्या मारत वर येतो. उडी मारली की टुईं! पडला की टुईऽऽऽ… बद्! काठावर पोचला की बँडबाजा. हे सगळं मी ऐकीव सांगतोय. माझ्या हाती गेम आला तोवर त्याचा आवाज गेला होता. माझं सगळं बालपण एका मुक्या बेडकासोबत गेलं.

“दहा मिनिटाचं काम, ताई!” मी म्हणालो.

मागे बाबा उभे होते. हे मला नंतर दिसलं.

“रविवारी अकरा वाजता समता येते,” बाबा म्हणाले. “तवापर्यंत बेडूक बोलला, तं खोली तुयी. नाही बोलला, तं सोमवारी चिखलीले. मामाच्या अडतीवर. पोते शिवाले.”

फाडलं तिकीट!

शनिवारी सकाळी मी गेम घेऊन बसलो. पहिलाच अडथळा असा, की त्याचे स्क्रू तीन पाकळ्यांचे. घरात सात पेचकस, पण एकही बसेना. मग मी मोबाईलवर पाहिलेली युक्ती केली: प्लॅस्टिकचा पेन तापवायचा, मऊ झाला की स्क्रूवर दाबायचा, थंड झाला की त्याचाच पेचकस. पहिला पेन वितळून ताईच्या जुन्या वहीला चिकटला. दुसरा चांगल्या कंपनीचा होता, मस्त बसला! तो बाबांना निरोप समारंभात मिळाला होता, हे पाहायला वेळ नव्हता.

सहा स्क्रू निघाले. (नंतर बसवताना चारच लागले. कंपनीनं दोन जास्तीचे दिले होते.)

आई डोकावली. “काय करून राह्यला?”

“आवाज शोधून राह्यलो.”

“काऊन? मस्त शांत तं हाये. अरे धम्मा, ऐक, त्याचा आवाज ना…”

“आई, हे टेक्निकल हाये!”

“बरं बापा,” म्हणून आई गेली.

मी पंख्याचं तेल घातलं, सॅनिटायझरनं पुसलं, फुंकलं. आवाज कमीजास्त करायचं बाजूचं चाक फिरत नव्हतं. पण जुन्या वस्तूंचे सांधे धरतातच, बाबांचा गुडघा पाहा. मी ते मनावर घेतलं नाही. संध्याकाळी आई पुन्हा आली. “अरे, मी काय म्हणते…” मी हात वर करून तिला थांबवलं. ऑपरेशन थिएटरात नातेवाईक येत नाहीत!

रविवारी सकाळी माझं निदान झालं: स्पीकर मेला. तपासायला दुसरा स्पीकर हवा. आणि तो माझ्या टेबलावरच पडला होता!

तो होता आमच्या शेजारच्या गुलाबराव काकांच्या वावरातल्या यंत्राचा. रोह्यांचे, म्हणजे नीलगायींचे कळप हरभऱ्यात शिरतात, म्हणून आमच्याकडे वावरात एक डबा लावतात. डब्याला भोंगा, आणि आत माणसाचा आवाज भरलेला. काकांनी आधी स्वतःचा आवाज भरून पाहिला होता. रोह्यांनी मान वर करून ऐकला आणि पुन्हा खाली घातली. काकांना घरीही हाच अनुभव असल्यानं त्यांना वाईट वाटलं नाही. मग त्यांनी बायकोचा, सिंधूताईंचा आवाज भरला: “कोन हाये रे तिकडं? तंगडंच तोडते आता!” पहिल्या आठवड्यात रोहीच काय, शेजारच्या वावरातला सालदारही पळाला. पण पुढे रोह्यांना सवय झाली. आपण रेडिओ लावून जेवतो तसे ते सिंधूताई लावून चरायला लागले. नंतर उंदरांनी वायर कुरतडली, म्हणून यंत्र माझ्याकडे आलं होतं. मी वायर जोडून ठेवली होती; काका रविवारी न्यायला येणार होते.

मी बेडकाच्या स्पीकरच्या दोन टोकांना दोन वायरी टाचल्या आणि दुसरी टोकं काकांच्या डब्यात, सिंधूताईंच्या आवाजाची वायर काढून तिच्या जागी घातली. गेमला सेल हवे, ते भिंतीवरच्या घड्याळातून काढले. घरातली वेळ नऊ वीसला थांबली. बेडकाला उडी मारायला लावली.

शांतता!

म्हणजे बेडकाचा स्पीकर मेला नव्हता, दुखणं दुसरीकडेच होतं. निदान बदललं, डॉक्टरांचंही बदलतं. मी आईची सेफ्टी पिन घेऊन बेडकाच्या पोटात इकडेतिकडे टोचत राहिलो. त्या न फिरणाऱ्या चाकाच्या खाली तीन बारीक पाय होते. त्यातल्या दोघांना पिन एकदम लागली, आणि…

टुईं!!!

भोंगा टेबलावरून एक वीत उडाला. पत्र्यावरची कबुतरं उडाली. समोरच्या घरातलं बाळ जागं झालं आणि हसायला लागलं! वीस वर्षांचं मौन सोडून बेडूक बोलला होता, आणि सगळी थकबाकी एकदम बोलला होता. मी तिथंच एक टाका मारून दोन पाय कायमचे जोडून टाकले. आता आवाज कमी होणार नव्हता. पण कमी करायचाय कोणाला?

“झालं! आई, झालं! आवाज आला!” मी ओरडलो आणि घड्याळासाठी नवे सेल आणायला बसस्टँडवर पळालो. ताई यायच्या आधी घरातली वेळ पुन्हा सुरू करायची होती.

पंधरा मिनिटांनी परत आलो, तर टेबल रिकामं.

“आई! यंत्र कुठी गेलं?”

“गुलाबरावनं नेलं ना आत्ता. झालं झालं म्हणून तूच तं वरडला.”

“अन् गेम?”

“तो लटकला होता त्याले. ते म्हणे, हे काय नवीन? म्या म्हटलं, धम्मानं काहीतरी जास्तीचं बसवून देलं असन.”

माझ्या डोळ्यांसमोर चिखली दिसली. मामाची अडत. पोती. दाभण.

मी सायकल काढली. फाट्याकडच्या रस्त्याला लागलो नाही तोच लांबून आवाज आला. टुईं! टुईं! टुईऽऽऽऽ… बद्!

नंतर कळलं ते असं. काकांनी भोंगा खांबावर चढवला, डब्याचं बटण दाबलं, सिंधूताई काही बोलल्या नाहीत. मग लटकलेल्या गेमचं बटण दाबलं. बेडूक सुरू! त्याला कोणी खेळवलं नाही तर तो स्वतःच दोन उड्या मारतो, विहिरीत पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून. हरभऱ्यात त्या वेळी तेरा रोही होते. पहिल्या टुईंला त्यांनी कान टवकारले. दुसऱ्याला एकमेकांकडे पाहिलं. आणि ‘बद्!’ झाल्याबरोबर तेराच्या तेरा हवेत उडाले आणि पातुर्ड्याच्या दिशेनं असे गेले, की जणू तिकडे त्यांची शेवटची एसटी सुटत होती.

काका खांबाला हात जोडून उभे राहिले.

पण आनंद पाच मिनिटं टिकला. कारण गावातल्या पोट्ट्यांना वाटलं, कुल्फीवाला आला! आणि तोही नवा, गाणंवाला! रविवार, शाळा बंद, ऊन तापायला लागलेलं. तीस-पस्तीस पोट्टे आवाजाच्या मागं वावरात घुसले. कुल्फी नव्हती. पण घाट्यांनी लगडलेला हरभरा होता! पोट्ट्यांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसून हरभऱ्याचे डहाळे सोलायला सुरुवात केली.

“अबे उठा! पळा इथून!” काका ओरडत होते. पोट्ट्यांनी मान वर करून ऐकलं आणि पुन्हा खाली घातली.

मी पोचलो तेव्हा खरा कुल्फीवालाही पोचला होता. पंजाबराव. डोक्यावर टोपी, सायकलवर डबा, डोळ्यांत अंगार.

“कोण हाये थो? माया गावात कोण भोंगा लावून कुल्फी इकून राह्यला?”

“पंजाबभाऊ, बेडूक हाये तो!” मी धापा टाकत म्हणालो.

“कोणत्या गावचा बेडूक? नाव सांग!”

“तसा बेडूक नाही हो. विहिरीतला!”

“म्हंजे विहिरीत बर्फ जमवते काय?”

टुईऽऽऽऽ… बद्! भोंगा म्हणाला. पंजाबराव दचकून काकांच्या मागं लपले.

“धम्मा, हे बंद कर रे!” काका कळवळले. “रोही परवडले. ते निदान मीठ नाही मांगत!” खरंच, एक पोरगी घरून मीठ-तिखटाची पुडी घेऊन आली होती.

मी बटण बंद करायला खांबाकडे निघालो, तेवढ्यात रस्त्यावर काळीपिवळी जीप करकचून थांबली. पोट्ट्यांना वाटलं, आता खरी कुल्फी. उतरली ताई! पाठोपाठ सहा वर्षांची महामाया. ताईची पर्स जीपमध्येच राहिली, चप्पल धुऱ्यात अडकली, आणि फिजिक्सची प्राध्यापिका हरभऱ्यातून अनवाणी पळत आली.

“माया बेडूक! धम्मा, हा माया बेडूक हाये!”

तिनं लोंबकळणारा गेम दोन्ही हातांत धरला आणि खेळायला लागली. सगळं वावर तिच्याभोवती जमलं. बेडूक चढायला लागला. टुईं. टुईं. टुईं. ताईची बोटं वीस वर्षांत काही विसरली नव्हती. मी गर्दीला सांगायला लागलो, “आता साप येईन!” “ओह!” “वाचला!” “आता बादली!” पंजाबरावांनी टोपी काढून छातीशी धरली. काका स्वतःच्याच वावरातले डहाळे खात होते आणि त्यांना पत्ता नव्हता.

शेवटची उडी. टुईंऽऽ!

आणि बँडबाजा वाजला! सगळ्या शिवारात, सातपुड्यापर्यंत! पोट्टे नाचले, महामाया नाचली, पंजाबरावांनी आनंदाच्या भरात सगळ्यांना अर्धी अर्धी कुल्फी वाटली आणि पुढच्या क्षणी त्यांना पश्चात्ताप झाला.

धूळ बसली तेव्हा धुऱ्यावर बाबा उभे होते. मागे आई.

“बोलला ना, बाबा?” मी म्हणालो. “अकराच्या आत!”

बाबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग खांब, भोंगा, पस्तीस पोट्टे. “घरी सांगतो.”

इकडे ताई गेम उलटासुलटा करून पाहत होती. “पण आवाज एवढा मोठा काऊन? हे चाक फिरत काऊन नाही?” तिनं नखानं चाक खरवडलं. नखाखाली पिवळट, काचेसारखा चुरा आला. तिनं तो पाहिला. मी पाहिला. मग आम्ही दोघांनी आईकडे पाहिलं.

“मायाकडं काय पाह्यता?” आई म्हणाली. “तुयं दहावीचं वर्ष होतं, समता. दिवसभर टुईं टुईं. म्या चाक पुरं खाली केलं अन् त्याच्यावर झटपट चिकटवाचा गोंद सोडला. दोन थेंब.”

“आई!” मी किंचाळलो. “सांगाचं नाही काय?”

“दोन दिवसापासून तेच तं सांगून राह्यली! तू म्हणे टेक्निकल हाये.”

ताईनं केसातली पिन काढली, गोंद खरवडला, माझा टाका उपटला, वायरी सोडवल्या आणि चाक फिरवलं. गेमच्या स्वतःच्या, वीस वर्षं ठणठणीत असलेल्या स्पीकरमधून बारीक आणि गोड आवाज आला: टुईं. लागलेला वेळ: दहा मिनिटं. एवढं मी बरोबर सांगितलं होतं.

मी सोमवारी सकाळी बॅग भरून बसलो. बाबा आले आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“तिकीट म्हणजे तिकीट. बेडूक बोलला.” मग जाता जाता, “माया पेन कुठी हाये?”

आता दुकान सुरू आहे. सात शेतकऱ्यांनी आपापल्या वावरासाठी बेडकाचा आवाज भरून नेला. सिंधूताई गुलाबरावांवर आठवडाभर रुसल्या होत्या. पाटीही दारावर लागली आहे. फक्त लावायच्या आधी बाबांनी खाली स्वतःच्या हातानं एक ओळ वाढवली: ‘आधी पंचफुलाबाईंना भेटावे.’

म्हणजे आईला. ती दारातच तांदूळ निवडत बसते. गिऱ्हाईक यंत्र घेऊन आलं की विचारते, “घरच्या बाईनं काही केलं तं नाही ना याले? जाय, पह्यले इचारून ये.”

निम्मी गिऱ्हाईकं तिथूनच परत जातात. आणि दुसऱ्या दिवशी आईसाठी मिठाई घेऊन येतात!